आमचा राजीनामा, त्यांचा राजीनामा

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे. आज दुपारी इलाइट चौराह्यावर एका पत्रकाराकडे गेले होते. राजकारण आणि मनोरंजन, दोन्ही तोच बघतो. आपल्या मराठी मंडळाच्या नाटकाची बातमी छापा, एवढंच सांगायचं होतं.

नाटकाचं नाव ऐकताच तो खुर्चीत ताठ बसला. "राजीनामा? किस-किस में हुआ, दीदी?"

मग माझी ट्यूब पेटली. हिंदीत राजीनामा म्हणजे समझौता, तडजोड! मी सांगितलं, "भैया, मराठी में राजीनामा मतलब इस्तीफा." रेल्वेतली एक क्लार्क साहेबासमोर राजीनामा ठेवून निघून जाते, अशी गोष्ट आहे.

त्याचा चेहराच पडला. "ऐसे नहीं छपेगा. उद्घाटन किसी नेताजी से करा लो, बीच में एक फिल्मी डांस डाल दो. फोटो के साथ लगा दूँगा."

दोन महिने घर-ऑफिस सांभाळून तालमी करणाऱ्या आमच्या बायका डोळ्यांपुढे आल्या. मी लिहून नेलेला बातमीचा कागद परत पर्समध्ये टाकला. "ये तो आपवाला राजीनामा हुआ, भैया. हम अपनावाला करेंगे." आणि उठून आले.

रविवारी सहाला, खंडेराव गेटजवळच्या आपल्या हॉलमध्ये पडदा उघडेल. कुणासाठी थांबणार नाही.

बातमी येणार नाही. तुम्ही येणार ना?