बोटावर तोलणारी लीलाताई

दुधी घेताना लीलाताई तो आडवा धरून एका बोटावर तोलायची. डोंबिवलीचा अख्खा बाजार बघत राहायचा. "ताई, दुधी खायचाय का उडवायचाय?" भाजीवाला विचारायचा. हिचं उत्तर ठरलेलं, "तोल कळला की काहीही उडतं रे!" शेजारीण म्हणून मी बरोबर असायची आणि लाजेने अर्धी व्हायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लीलाताईची नोकरी कारखान्याच्या प्रयोगशाळेत, पण जीव सगळा रॉकेटात. दिवाळीतली नव्हेत हो, चांगली माणसाएवढी उंच! नवऱ्याने हौसेने अॅल्युमिनियमचा पाइप आणला, तर तिने परत पाठवला. "फुटला तर पत्रा कुणाच्या पोटात जाईल. पुठ्ठा फुटला तर पुठ्ठाच!" मग कापडाच्या ताग्यातली जाड नळी, वर फायबरग्लासचा पातळ थर, प्लायवुडचे पंख. इंधनाच्या नळकांड्याला ती मोटर म्हणायची. ते शहाडचा एक परवानेवाला आतषबाज भरून द्यायचा. छत्रीच्या कापडाचं पॅराशूट मात्र माझ्या मशीनवरचं.

"मोटर जावयासारखी बघावी," ती म्हणायची. "नुसता जोर काय कामाचा? घराला झेपला पाहिजे."

आणि हीच बाई एकदा हावरटपणाने थोरली मोटर लावून बसली. शेपूट जड झालं, रॉकेट आडवं वळलं आणि बाळ्यामामाच्या वाळत घातलेल्या जाळ्यांत घुसलं. कोपरच्या खाडीकाठची ती मोकळी जागा या मामाचीच. कोळी माणूस, भडकला. "बाय, आता येकच डाव. परत वाकरा गेला त बंद!" दुसरी जागा कुठून आणणार? लीलाताईच्या तोंडचं पाणीच पळालं.

त्या शेवटच्या डावाला आम्ही सगळे गेलो. तिच्या सासूबाई, माईसुद्धा. या वेळी धाकटी मोटर, असं ठरलेलं. पण उडवण्याआधी लीलाताईने सवयीने रॉकेट बोटावर तोललं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. काल जिथे तोल होता तिथे तो नव्हताच, चांगला पुढे सरकलेला. तिने टोक उघडलं. आत कापसात गुंडाळलेला देवघरातला पितळी बाळकृष्ण!

"माई!"

"ओरडू नकोस. तुझं रॉकेट वाकडं जातं म्हणून मीच बसवलाय."

"काढते हं. काल तोल बरोबर होता."

"मग मीही इथून हलत नाही. देव पुढे असला की मागून हवा तेवढा जोर लाव!"

लीलाताई हसत सुटली. "माई, विज्ञानही हेच म्हणतं हो!" टोक जड झालं, म्हणजे आता थोरली मोटर चालणार होती. तिने पिशवीतली थोरली काढून बसवली, पुन्हा बोटावर तोललं आणि माझ्याकडे वळली. "सुमे, टाके पक्के आहेत ना? देव आहे आत."

"दुहेरी घातलेत," मी म्हटलं. सगळ्यांना लांब उभं केलं, तिने बटण दाबलं आणि रॉकेट सुसाट सरळ वर गेलं. इतकं वर की दिसेना. मामाही तोंड वासून बघत होता. मग आभाळात एक काळा ठिपका फुलला. माझी छत्री! मी चक्क नाचले, चाळिशीला आलेली बाई.

बाळकृष्ण खाडीच्या चिखलात उतरला. मामा गुडघाभर चिखलातून गेला आणि त्याला डोक्यावर धरून घेऊन आला. "बाय, पुढच्या टायमाला आधी सांग, पोरांना घेऊन येतो," म्हणाला. माईंनी घरी जाऊन देवाला न्हाऊ घातलं आणि दोन लाडू ठेवले. दमला असेल म्हणे.

पुढे लीलाताई ठाण्याला राहायला गेली. निघताना माझा हात धरून म्हणाली, "सुमे, मागून ढकलणारे खूप भेटतील. पुढे कुणाला बसवायचं ते तू ठरव." मी रडले, तीही रडली.

आता दुधी मीच बोटावर तोलते. भाजीवाल्याचा मुलगा हसून विचारतो, "आजी, उडवायचाय काय?"

मी म्हणते, "अरे, आमचा देव उडून आलाय, दुधीचं काय घेऊन बसलास!"