आधी घडी, मग कुलूप

आमच्या साहेबांना अक्कल नव्हती असं मी म्हणणार नाही. होती, पण मोठ्या हॉटेलातल्या प्रत्येक सेमिनारला जाऊन ते ती बदलून आणायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोलशेतच्या एका रंगाच्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचे. सगळा डेटाबेस आमच्याकडे. मानपाड्याच्या गोदामातली ऑपरेटर मॉडेम लावून टेलिफोनच्या लाइनवरून त्यात बघायची, कुठला रंग किती शिल्लक आहे. स्क्रीन आली की मगच ट्रकचा गेटपास. ही ऑपरेटर कोपरीची मुलगी, प्रोबेशनवर होती. महिनाअखेरीला कायम होणार होती, आणि तिच्या घरात कायमची नोकरी तोवर कुणी पाहिलेली नव्हती.

एका सेमिनारहून साहेब एन्क्रिप्शन घेऊन आले. लाइनवरून जाणारा शब्द न् शब्द गुप्त हवा! कशासाठी, तर आमचे डबे कुणी मोजू नयेत. बरं बाबा, लावलं. स्क्रीन रांगायला लागली. मग हुकूम सुटला, ‘कॉम्प्रेशन आणा, डेटा बारीक होईल.’ व्हेंडरने आणलं आणि बसवलं कुठे? एन्क्रिप्शनच्या नंतर!

अहो, डेटा बारीक होतो तो त्यात तेच तेच शब्द पुन्हा येतात म्हणून. आमच्याकडे तर पानभर ‘पांढरा, पांढरा, पांढरा’ असायचं. पण एकदा गुप्त केलं की त्याचा असा काला होतो, की एकासारखा दुसरा शब्द राहत नाही. मग बारीक काय करणार, कपाळ? गोधडीची घडी आधी करतात, पेटीला कुलूप नंतर लावतात. हे शहाणे कुलूप लावून वरून पेटी दाबत बसलेले. त्यात गोदामातलं जुनं मशीन दोन्ही कामांनी आणखीच धापा टाकायला लागलं.

‘क्रम उलटा करा,’ मी साहेबांना कितीदा सांगितलं.

‘व्हेंडरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का, मॅडम?’

तिकडे ट्रकवाले खोळंबून शिव्या घालायला लागले, आणि साहेबांना कारण सापडलं: ऑपरेटरचा हात जड आहे. ती बिचारी स्क्रीनची वाट बघत हात मांडीवर ठेवून बसायची! महिनाअखेरीला तिला घरी बसवलं.

तिच्या जागी नवा माणूस आला, त्याच आठवड्यात व्हेंडरचा दुसरा इंजिनीअर आला. त्याला मी बाजूला घेऊन सांगितलं. त्याने मुकाट्याने क्रम बदलला आणि स्क्रीन पटापट यायला लागली.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, ‘बघितलंत? ऑपरेटर बदलला आणि स्पीड आला.’

‘तिचा काही दोष नव्हता साहेब, क्रम चुकलेला,’ मी सगळ्यांसमोर म्हटलं.

‘झालं ना काम? मग कशाला उगाळताय?’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आल्या आल्या कोपरीला तिच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, तिला बोलावून घेतलं. म्हटलं, ‘अगं, चूक तुझी नव्हती. आज सगळ्यांसमोर सांगितलं मी.’

‘ते मला माहीतच होतं, ताई,’ ती म्हणाली. ‘मग परत कधीपासून यायचं मी?’