पंगतीत बसवलेले वाढपी

'बेचारे' हा शब्द मला आजही ऐकवत नाही. त्या नाताळात तो आमच्या घराला चिकटवला, आणि तोही आमच्याच मंडळीनं, भर चर्चमध्ये.

पप्पा मिलमध्ये सांच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. तिथे खडखडाट इतका, की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. सगळं बोलणं हातांनी. चर्चच्या मंडळीतले आणखी काही जण त्याच खात्यातले. नाताळच्या उपासनेनंतर प्रीतिभोजन असायचं, सगळ्यांची एकत्र पंगत, आणि वाढायला कायम हीच माणसं. तिथेही हातांनीच बोलायचे. दोन बोटं वर केली की पोळ्या आणा, मूठ फिरवली की रस्सा, तळहात दोनदा वर उचलला की चला, कामाला लागा. मिलमध्ये पप्पांना कोण विचारत होतं? पण त्या दिवशी डॉक्टरीणबाई असो की चौकीदार, प्रत्येकाच्या पानात पप्पांच्या हातचं पडायचं. त्याच्या गोष्टी आमच्याकडे पुढच्या नाताळापर्यंत पुरायच्या.

मग मिल बंद पडली. भोंगा वाजेना, तरी पप्पा सवयीनं उठायचे, सायकल पुसायचे आणि परत भिंतीला टेकवून ठेवायचे. जेवण तर सुटल्यासारखंच झालं. अर्धी पोळी खाऊन ताट सरकवायचे.

"अहो, अजून थोडं घ्या," आई म्हणायची.

"काम ना धाम, भूक कुठून लागणार?"

नाताळ जवळ आला तशी त्यांना जरा हुशारी आली. वाढायच्या वेळी खांद्यावर टाकायचा पंचा त्यांनी स्वतः धुतला, नीळ घालून वाळवला. आई मला डोळ्यांनी दाखवत होती, बघ म्हणून.

उपासना संपली आणि कमिटीचे सेक्रेटरी उभे राहिले. राजेंद्र नगरला नवं घर, दारात नवीकोरी मारुती. माणूस वाईट नव्हता हो, तेच तर दुखणं. आमच्याकडच्या अर्ध्या हिंदी, अर्ध्या मराठीत म्हणाले, "इस बार अपने बेचारे मिलवाले भाई सेवा नहीं करेंगे. त्यांच्यावर वेळ आली आहे. आज ते आपले पाहुणे. पहिली पंगत त्यांची, वाढायचं आपण."

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मिलनं हातचं काम काढून घेतलं ते घेतलं. उरलेलं एवढं एक होतं, ते यांनी टाळ्या वाजवून काढून घेतलं, आणि वर उपकार केल्याचं तोंड.

"आग लागो त्या पाहुणचाराला," आई पुटपुटली. चर्चचे पाळकसाहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते, पण तिला पर्वा नव्हती.

पप्पा पंगतीत बसले. पंचा घडी करून मांडीखाली ठेवला. समोरच्या ओळीत त्यांच्या खात्यातली माणसं, तीही खाली मान घालून. प्रार्थना झाली, पण पोळीला कोणी हात लावला नाही. सेक्रेटरी रस्स्याची बादली घेऊन पप्पांपुढे वाकले आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "संकोच करू नका. पोटभर खा."

भरल्या पानावरून उठू नये म्हणतात. पप्पा उठले. पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि समोर बघून तळहात दोनदा वर उचलला. समोरची सगळी ओळ उठली.

"अहो, तुम्ही आज पाहुणे ना," सेक्रेटरी गडबडले.

"पाहुणा दुसऱ्याच्या घरी असतो, साहेब," पप्पा म्हणाले. "हे माझं घर आहे." आणि त्यांच्या हातातली बादली घेतली.

मग पाळकसाहेब येऊन पप्पांच्या जागी बसले, आणि हळूहळू बाकीचेही. सेक्रेटरी तेवढे रिकाम्या हातांनी उभे. मला वाटलं, राहू दे उभे, जरा कळू दे. पण पप्पांनी पाण्याचा जग त्यांच्या हातात दिला. "पाणी तुमच्याकडे. फक्त ओरडायचं नाही, हाताकडे बघायचं." आणि ते बघायला लागले.

सगळ्यात शेवटी वाढपी बसले, सेक्रेटरीही त्यांच्यातच, पप्पांच्या शेजारी. वाढायला आई होती. रस्सा तळाचा उरला होता, पोळ्या गार झाल्या होत्या. पप्पांनी पानातलं सगळं संपवलं, आईकडे बघितलं आणि दोन बोटं वर केली.