मावशीची मोसंबी

बीड जिल्ह्यात संशयाची स्पर्धा ठेवली, तर माझ्या आईची मावसबहीण पहिली येईल आणि मग परीक्षकांनी निकाल नीट लावलाय की नाही, ते पुन्हा तपासायला लावेल. ती दूधवाल्याच्या मापावर संशय घेते, पंचांगावर घेते, एस.टी.च्या पाटीवरही घेते. पाटीवर 'नांदूरघाट' लिहिलेलं असलं तरी चढण्याआधी ड्रायव्हर, कंडक्टर आणि खिडकीतला एक प्रवासी अशा तिघांना वेगवेगळं विचारते. तिचं कोणतंही वाक्य 'पण' आल्याशिवाय संपत नाही. "पोरगी हुशार हाय, पण..." एवढं म्हणून ती माझ्याकडे बघत राहायची, आणि पुढचं काय ते मला कधीच कळायचं नाही.

अशा बाईनं आयुष्यभर लोकांना सुया टोचायचं काम केलं, याचं मला नेहमीच नवल वाटत आलंय. आधी ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. मग कुठून तरी ऐकून कोलकात्याला गेली आणि चिनी सुयांचं शास्त्र शिकून आली. "आमचे सर चीनला शिकले होते, असं ते सांगायचे," असं ती सांगते, आणि जोर 'सांगायचे'वर देते. केजला भाजीबाजाराच्या मागं तिनं दोन खाटांचा दवाखाना टाकला. भिंतीवर माणसाच्या अंगावरचे बिंदू दाखवणारा चिनी तक्ता होता. त्या चित्रातल्या माणसावरही तिचा विश्वास नव्हता. "याचं पोट बघ," ती म्हणायची, "असं पोट आपल्याकडं कुणाचं हाय?"

औषधी मुळ्यांची पुडकी यायची, त्यावर सगळी अक्षरं चिनी. ती एकेक मुळी हुंगायची, चावायची, आणि एकदा विजयी चेहऱ्यानं म्हणाली की हे तर आपलं ज्येष्ठमध हाय. तरी खात्री म्हणून किराणा दुकानदाराला काही न सांगता तुकडा चघळायला दिला. नवा काढा आधी तीन दिवस स्वतः प्यायची आणि चौथ्या दिवशी पेशंटला द्यायची. तोवर पेशंटचा खोकला बहुधा गेलेला असायचा.

चिनी वैद्य जीभ बघून रोग ओळखतात म्हणे. त्यामुळे मावशीला भेटलेल्या प्रत्येकाला जीभ काढावी लागे. एका लग्नात शुभेच्छा द्यायला ती स्टेजवर गेली आणि नवरदेवाची जीभ बघून आली. तो फोटो त्यांच्या अल्बममध्ये आहे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, नातेवाइकांत गेले की गप्प बसणारी. तिला माझ्या गप्प बसण्याचाच संशय. "ही कावून बोलत न्हाई? दाखव बरं जीभ." मी ओठ घट्ट मिटून घ्यायची. कुणाला काही दाखवायचं नाही, हा माझा लहानपणापासूनचा नियम आहे.

पण तिचा सगळ्यात मोठा संशय स्वतःच्या हातावर. रोज सकाळी दवाखाना उघडला की ती एका मोसंबीत पाच सुया टोचायची. सुई न थरथरता, सालीच्या आत हवी तेवढीच गेली पाहिजे. रस वर आला तर त्या दिवशी दवाखाना बंद. ती मोसंबी खायला कुणालाच परवानगी नव्हती. टोचलेल्या सुयाही पेशंटकडून मोठ्यानं मोजून घ्यायची, टोचताना आणि काढताना. एकदा सिरसाळ्याचा एक व्यापारी निघून गेल्यावर एक सुई कमी भरली. मावशी धावत स्टँडवर गेली, सुटलेली बस थांबवली आणि सगळ्या प्रवाशांसमोर त्याला पायमोजे काढायला लावले. सुई मोसंबीत निघाली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आईच्या तोंडातून चहा ओघळला. उजवा डोळा मिटेना, ओठ एका बाजूला ओढलेले. नांदूरघाटच्या विहारात पौर्णिमेला वंदना आई सांगते, बाकीचे तिच्यामागून म्हणतात. आता 'बुद्धं' म्हणायला गेली की ओठ मिटायचे नाहीत, 'ब'च्या जागी नुसती हवा यायची. तिनं विहारात जाणं बंद केलं. घरातही पदर तोंडावर धरून बसायची. कुणाला ऐकू न जाता तिला रडता यावं म्हणून मी नळ सोडून ठेवायची.

मावशी आली आणि सुईला हातही लावला नाही. आधी अंबाजोगाईला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या, आणि सुया टोचू का म्हणून त्यांनाच विचारलं. ते हो म्हणाले, मग सुयांसाठी रोज केजला खेपा. मी फोनवर रात्रंदिवस वाचत होते. अर्ध्या जागी लिहिलं होतं, गुण येतो. अर्ध्या जागी, काही सिद्ध झालेलं नाही. मी खाटेशेजारी स्टुलावर बसून आईच्या गालावरची प्रत्येक सुई डोळ्यात तेल घालून बघायची. मावशीला राग यायला हवा होता. ती म्हणाली, "बघ. नीट बघ. माझ्यावर भरोसा ठेवू नको."

असं म्हणणाऱ्या माणसावर संशय घेणं फार अवघड जातं.

दहाव्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ती टेबलापाशी बसली होती. पुढं मोसंबी, आणि तिसऱ्या सुईखाली रसाचा थेंब. तिनं आमच्यासमोर पुन्हा एक सुई उचलली. सुईचं टोक अगदी बारीक हलत होतं. एरवी मला ते दिसलंही नसतं, पण नऊ दिवस मी दुसरं काही बघितलंच नव्हतं.

"डोळ्यापाशी टोचायचं हाय," ती म्हणाली. "मी न्हाई टोचणार."

आई म्हणाली, "अक्का, थोडंच तर राहिलंय." आणि नऊ दिवस पुरावे गोळा करणारी मी चक्क म्हणाले, "मावशी, टोच ना. मला चालेल."

"मला न्हाई चालत," ती म्हणाली आणि सुया डबीत ठेवल्या. पाच भरल्या की नाही, ते मात्र दोनदा मोजलं.

पुढं गोळ्या होत्या, आरशासमोरचे व्यायाम होते आणि वाट बघणं होतं. माघी पौर्णिमेला आई विहारात गेली. मावशी केजहून आली आणि पुढच्या रांगेत, आईच्या ओठांच्या समोर बसली. आई हात जोडून म्हणाली, "बुद्धं सरणं गच्छामि." ओठ मिटले, 'ब' नीट आला. मागून सगळ्यांचा आवाज उठला. मावशीनं मात्र तोंड उघडलं नाही, बघतच राहिली.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले की हे तुझ्यामुळं झालं. तिनं मान हलवली. "सुईनं का गोळीनं का आपोआप, मला ठावं न्हाई. आजवर बरे झाले त्यातलं एकाचंबी ठावं न्हाई." तीस वर्षं ही बाई एवढं ओझं घेऊन रोज सकाळी दवाखाना उघडत होती.

दवाखाना आता बंद आहे. मागच्या आठवड्यात गेले, तर मावशी खाटेवर एकटी बसली होती. टेबलावर मोसंबी होती, न टोचलेली. तिनं ती सोलली. हात आता चांगलाच हलतो, सालीचे तुकडे तुकडे झाले. अर्धी मला दिली. मी फोड खाल्ली आणि तिनं न सांगताच, स्वतःहून तिला जीभ काढून दाखवली.

तिनं चष्मा वर केला आणि बराच वेळ बघितलं.

"चांगली हाय," म्हणाली. मी 'पण'ची वाट बघत थांबले. तो आलाच नाही.