डोमकावळ्याच्या बाजूचं काम

लाकडाला हात लावण्याआधी काका आपला तळवा त्याच्यापासून वीतभर अंतरावर धरायचे आणि थांबायचे. शेकोटीपुढे धरावा तसा. मग म्हणायचे, "आधी विचारायचं, मेट. मग कापायचं." मेट म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या बोलीत दोस्त. माझ्यासारख्या सेंट्रिंगवाल्याचा, म्हणजे स्लॅबचे साचे ठोकणाऱ्याचा, हे बघून जीव वर-खाली व्हायचा. आमच्या धंद्यात प्लायला कोण काय विचारतो? स्लॅब उद्या भरायचा असतो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा म्हातारा असेल, ज्याच्या तोंडापेक्षा हातांकडे आपण जास्त बघतो. माझे हे मानलेले काका पोर्ट केम्ब्लाचे, म्हणजे इथे वॉलॉंगॉंगच्या शेजारचे.

मी नववीतून शाळा सोडली. गडहिंग्लजकडे सेंट्रिंग शिकलो, मग दुबई, मग ऑस्ट्रेलिया. इथल्या मराठी मंडळात सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. माणसं चांगली आहेत, पण "तुमचं शिक्षण?" असं कुणी विचारलं की मी पाणी प्यायला उठतो. काका आमच्या साइटच्या गेटवर लाकडाचे टाकाऊ तुकडे मागायला यायचे आणि मी ते त्यांच्या गाडीत भरून द्यायचो. पुढे माझी खोली सुटली. हे कळल्यावर त्यांनी मागच्या अंगणातल्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घोरतोस का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं, आणि त्यांना पहिल्याच रात्री कळलं असणार. पण किल्ली त्यांनी परत मागितली नाही.

पहिले काही महिने मी त्यांना इथलेच आदिवासी समजत होतो. एकदा तसं बोलून गेलो तर म्हणाले, "नाही रे. मी पण पाहुणाच. फक्त तुझ्यापेक्षा जुना." ते हैदा लोकांतले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे समुद्रात त्यांची बेटं आहेत, हैदा ग्वाय. तिथे सीडरची झाडं एवढी मोठी की एका खोडातून अख्खी होडी निघते. घरापुढे कोरलेले खांब, त्यांवर त्या त्या घराण्याचे प्राणी. मग गोऱ्यांच्या बोटींबरोबर देवीची साथ आली आणि गावंच्या गावं ओस पडली. ओसाड गावांतले खांब लोकांनी कापून म्युझियममध्ये नेले.

"मी एका मोठ्या शहरात तिकीट काढून आत गेलो," काका सांगायचे, "आणि माझ्या आजीच्या गावच्या खांबापुढे उभा राहिलो. गार्ड म्हणाला, सर, हात लावू नका." हे सांगताना ते हसायचे. मला हसू यायचं नाही.

लहानपणी त्यांना बोटीत घालून लांबच्या बोर्डिंग शाळेत नेलं होतं. तिथे आपल्या भाषेत बोललं की मार बसायचा. "तू शाळा सोडलीस, मी शाळेतून पळालो," ते म्हणायचे. "दोघांची बेरीज केली तरी एक दहावी होत नाही." पुढे ते बोटी दुरुस्त करायला लागले. तिकडे फिरायला आलेली एक ऑस्ट्रेलियन नर्स त्यांना भेटली आणि तिच्यामागे ते इथे आले.

ती गेली त्यानंतर त्यांनी अंगणात तिच्यासाठी एक खांब कोरून उभा केला होता. माझ्या उंचीचा, वर चोच खाली घातलेला डोमकावळा. मी राहायला आलो तेव्हा बुंध्याला वाळवी लागली होती, डोक्यापासून चीर गेली होती आणि खांब कुंपणाकडे झुकला होता. काका रोज त्याच्यापाशी चहा घेत बसायचे, पण त्याला काही करायचे नाहीत. मला वाटलं, हात चालत नसतील आता.

एका हिवाळ्यात त्यांची छाती भरली आणि ते आठवडाभर हॉस्पिटलात होते. माझ्या डोक्यावर उपकाराचं ओझं. आमच्या गावी जत्रेआधी देवळाला ऑइलपेंट मारतात, दगडी नंदीसकट. मी तेच केलं. चिरांत पुट्टी भरली, घासून लाल-काळ्या एनॅमलचे दोन हात मारले, आणि मागून लोखंडी अँगल लावून खांब बोल्टने सरळ आवळला. एवढं मन लावून मी कधी काम केलं नव्हतं.

काका घरी आले, अंगणात गेले, आणि खांबापुढे उभे राहिले.

"मेट," ते म्हणाले, "तू माझ्या बायकोला लिपस्टिक लावलीस."

मला वाटलं, चेष्टा चाललीय. मग ते खुर्चीत बसले आणि मी त्यांचा चेहरा बघितला.

"चुकलं का, काका?"

"आमच्याकडे खांब उभा करतात आणि सोडून देतात. तो कुजतो, पडतो, त्याच्यावर नवीन रोप येतं. गेलेल्याला धरून ठेवायचं नसतं. तू तिला बोल्ट मारलास."

मी पाना आणायला धावलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "राहू दे आज. तिला लाल रंग आवडायचा. बस इथे."

त्या दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. हैदांच्यात दोन बाजू, गरुड आणि डोमकावळा. आई ज्या बाजूची, मूल त्या बाजूचं. लग्न नेहमी समोरच्या बाजूत. मी म्हणालो, आमच्यातही देवक एक निघालं तर सोयरीक होत नाही. ते खूश झाले.

"मग मेल्यावर कोण करतं तुमच्यात?"

"मुलगा. भाऊबंद."

"आमच्यात उलटं. गेलेल्याच्या बाजूच्यांनी फक्त रडायचं. काम समोरच्या बाजूने करायचं. पेटी बनवायची, आत ठेवायचं, उचलायचं." काका स्वतः गरुड. बायकोला कुठलीच बाजू नव्हती, म्हणून बेटावरच्या म्हाताऱ्या बायकांनी तिला डोमकावळ्यांत घेतलं आणि नाव दिलं. ती गेली तेव्हा गरुड म्हणून काकांनीच तिच्या रक्षेची पेटी केली. "या अख्ख्या देशात ती एकटी डोमकावळा होती, मेट. आता माझी पेटी कोण करणार? फ्युनरलवाला? तो कुठल्या बाजूचा?"

छाती बरी होणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. मला ते तेव्हा कळलं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो की आमच्यातही शेवटी कावळाच लागतो. दहाव्याला पिंडाला शिवला नाही तर माणसं नदीकाठी उन्हात उभी राहतात. गेलेल्याचं काय राहिलं असेल मनात, म्हणून एकेक जण नवस बोलतो.

काका खुर्चीतून पुढे वाकले. "आणि तो आलाच नाही तर?"

"मग दर्भाचा करतात. गवताचा कावळा."

"चालतो?"

"चालवून घेतात."

"मग तू हो गवताचा," ते म्हणाले.

मी घाबरलो. सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट सुकलं की ठोकून काढून टाकायचं काम. मी कुणाची शेवटची पेटी काय करणार? आणि मी केलेली तिकडे मानतील का? काकांनी बायकोच्या डोमकावळ्यांतल्या मानलेल्या बहिणीला बेटावर व्हिडिओ कॉल लावला. पांढऱ्या केसांची बाई. तिने मला खालून वर न्याहाळलं.

"कामाचा आहे का?"

"काळजी फार करतो," काका म्हणाले. "पण हात बरा आहे."

"नाव फोनवर देत नाहीत. मेजवानी असते, साक्षीला माणसं लागतात. घेऊन ये त्याला इकडे."

काकांनी नाकातली ऑक्सिजनची नळी कॅमेऱ्यासमोर धरली. ती बाई कॅमेऱ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "कामाला लाव. मानायचं की नाही ते नंतर."

सीडरच्या दोन फळ्या आणल्या. पेटीच्या चारही बाजू एकाच फळीतून निघतात. तीन जागी आतून खाच मारायची, वाफ द्यायची, वाकवायची आणि चौथा कोपरा लाकडी खुंट्यांनी जोडायचा. स्वतःच्या पेटीला काकांनी हात लावायचा नव्हता. न राहवून हात पुढे जातील म्हणून ते खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे आणि तोंडाने चालवायचे. "डावीकडे. डावीकडे रे. तुझी डावी कुठली ते आधी सांग मला."

पहिली फळी तिसऱ्या कोपऱ्याला काडकन मोडली. वाफ निवतेय या भीतीने मी ओढली होती. काकांनी मान पुढे करून मोडलेली कड बघितली. मग म्हणाले, "जा, चहा टाक." आता एकच फळी उरली होती.

ती मी वाकवली तेव्हा ते परत हॉस्पिटलात होते. रविवारची दुपार. गोणपाटाखाली वाफ धरली, मनात शंभर आकडे मोजले, आणखी शंभर मोजले, मग हळूच वाकवली. एक, दोन, तीन. कुठे आवाज झाला नाही. फोटो काढून बसने वॉर्डात गेलो. काकांनी बोटाने फोटो मोठा केला.

"हा कोपरा तिरका आहे."

"हो."

"राहू दे. हातानेच केलीय, हे कळेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. मी चौथ्या मजल्यावर स्लॅब भरत होतो. फोन खाली लॉकरमध्ये होता.

बेटावरून त्यांचा भाचा आला, बहिणीचा मुलगा. त्यांच्यात वारस तोच. म्हणजे तोही गरुड. त्याने रक्षेला हात लावला नाही. "मामांनी सांगितलंय. तू ठेव." मी ती पेटीत ठेवली, झाकण लावलं, दोरी बांधली. मग मनातलं बोललो. "मला कुणी नाव दिलेलं नाही. मी कुठल्याच बाजूचा नाही. हे नंतर चाललं नाही तर?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मोठ्या बायका ठरवतील." खोटा धीर त्याने दिला नाही.

सिडनी विमानतळापर्यंत ट्रेनने पेटी माझ्या मांडीवर होती. तपासणीच्या दारापाशी मी थांबलो, कारण तिकीट माझ्याकडे नव्हतं. भाच्याने हात पुढे केले, मग मागे घेतले आणि ट्रॉली पुढे ढकलली.

"हिच्यावर ठेव. मी नुसतं ढकलतो. तिकडे धक्क्यावर तुझी माणसं उचलतील."

"माझी?"

"डोमकावळे. फोन आला होता सकाळी. वाट बघतायत."

मी पेटी ट्रॉलीवर ठेवली. तिरका कोपरा आतल्या बाजूला केला. भाचा काचेआड गेला आणि गर्दीत दिसेनासा झाला. माझे हात मात्र पेटी धरल्यासारखे पुढेच राहिले. मागच्या बाईने विचारलं, तुम्ही रांगेत आहात का? मी नाही म्हणालो आणि तिला वाट करून दिली.