जहाजावर प्रज्ञा सगळ्यांना दिसली

मी लोणारला शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या गावात सरोवर कसं झालं विचारलं तर निम्मी माणसं राक्षसाची गोष्ट सांगतात, मी उल्केची सांगतो. अंगात येणं, अंगारा, उतारा यातलं आमच्या घरात कधीच काही नव्हतं. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा लहानपणीच पाठ करून घेतल्या होत्या. त्यामुळे तुमच्या या सदरात छापून येणारे असले अनुभव मी आजवर, रागावू नका, पण हसायला म्हणूनच वाचत आलो. आज मीच लिहायला बसलोय...

प्रज्ञा आमची एकुलती एक मुलगी. चिखलीला बी.एस्सी. करत होती. गेल्या वर्षी पावसाळ्यात तिला ताप आला, प्लेटलेट उतरत गेल्या, संभाजीनगरला नेलं. तिथून आम्ही दोघंच परत आलो.

त्यानंतर माझी बायको संगीता जवळजवळ बोलायचीच बंद झाली. स्वयंपाक करायची, धुणं धुवायची आणि मग ओट्यावर बसून राहायची. माझा पुतण्या नितीन पुण्याला असतो. त्यानं आम्हाला न विचारता क्रूझचं बुकिंग करून टाकलं.

"काका, थोडे दिवस घरातून निघा," तो म्हणाला. मग फोनवर सगळं समजावलं. चढताना फोटो काढून एक कार्ड देतील, तीच खोलीची किल्ली. नाश्ता, जेवण, चहा, नाचगाणी, सगळं आधीच धरलेलं आहे. काहीही मागा, कोणी बिल आणणार नाही. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेटची कवायत असते, घाबरू नका. संध्याकाळी जरा बरे कपडे घाला. आणि मधे समुद्रात फोन लागणार नाही.

"मले नाही जायचं," संगीता म्हणाली. "पाण्याचं काय पाह्यचं?"

पण नितीन गाडी घेऊन लोणारला आला आणि आम्हाला मुंबईच्या बंदरावर सोडूनच परत गेला.

जहाज म्हणजे सात-आठ मजली हॉटेलच. काचेची लिफ्ट, पायाखाली गालिचे, जिकडं तिकडं खायचे पदार्थ मांडलेले. आमच्या खोलीला छोटी बाल्कनी होती. खोली आवरणारा जेरॉम नावाचा माणूस होता, माझ्याच वयाचा, वसईचा, मराठी बोलणारा. आम्ही आत गेलो तर मोठ्या पलंगाशेजारचा सोफा उघडून त्यावरही चादर-उशी घातलेली. टॉवेल तिघांचे.

"आम्ही दोघंच आहोत," मी म्हणालो.

त्यानं माफी मागितली आणि सोफा मिटवला. चुकीनं झालं असेल, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून आलो तर सोफा परत उघडलेला, उशीही दोन. मी जरा चिडूनच त्याला हाक मारली.

"सर, तुमच्या मुलीनंच सांगितलं," तो म्हणाला. "मघाशी इथं कॉरिडॉरमध्ये भेटली. म्हणाली, मला दोन उशा लागतात."

प्रज्ञाला दोन उशा लागायच्या. एक डोक्याखाली, एक पोटाशी.

मागून संगीता पुढं आली. किती तरी महिन्यांनी तिचा आवाज मी असा स्पष्ट ऐकला. "कशी दिसते ती?"

जेरॉम गोंधळला. "म्हणजे... सडपातळ. एक वेणी. हसताना तोंडावर हात धरते."

प्रज्ञाचा पुढचा एक दात वाकडा होता. तिला त्याची लाज वाटायची.

मी संगीताला बसवलं, पाणी दिलं. सांगितलं की जहाजावर दीड-दोन हजार माणसं आहेत, एक वेणी असलेल्या कितीतरी मुली असतील, त्याचा घोळ झालाय. मला स्वतःलाही ते पटवून घ्यायचं होतं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष दाराकडं होतं.

दुपारी जेवायला बसलो. आमच्या टेबलावर एक नेपाळी वाढपी होता. त्यानं तीन ताटं मांडली. मी हातानंच एक उचलायला सांगितलं. त्यानं उचललं, आणि भाजी वाढताना माझं ताट टाळून पुढं गेला.

"मुझे नहीं दोगे?" मी विचारलं.

"सर, इसमें बैंगन है. दीदी ने बोला था, पापा को बैंगन मत देना, खुजली होती है."

मला वांगं चालत नाही हे खरं आहे, अंगावर गांधी उठतात. जहाजावर हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. संगीताला विचारलं, तर म्हणाली, "मी कोणाशी बोलू? मले हिंदी तरी धड येते काय?"

मग तिनंच त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, दीदी आत्ता कुठं आहे? तो म्हणाला, आताच वर गेली, पोहण्याच्या तलावाकडं.

संगीता ताटावरून उठली. मी मागून. लिफ्टची वाट न बघता ती जिने चढत गेली. गुडघेदुखीमुळं घरी गच्चीवर न जाणारी बाई... वर ऊन रणरणत होतं, लोक खुर्च्यांवर पडलेले, पोरं पाण्यात. तिथं टॉवेल देणाऱ्या मुलीला विचारलं. हो, होती की, आता पुस्तकांच्या खोलीत गेली. पुस्तकांच्या खोलीत गेलो, तिथला माणूस म्हणाला, दोन मिनिटं आधी आला असता तर भेटली असती. त्या खोलीत तीन-चार म्हातारे पेपर चाळत होते. बस.

त्या दिवसापासून आमचं तेच सुरू झालं. कोणी थट्टा करत नव्हतं. सगळे इतक्या सहज सांगायचे, जसं आपल्या गल्लीत कोणी सांगतं की तुमची पोरगी आत्ताच दळण घेऊन गेली. मी जहाजभर तशी दुसरी मुलगी शोधली. एक अहमदाबादची होती, तिचे केस खांद्यापर्यंत. दुसरी कोणी सापडली नाही. खालच्या काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटर बघून सांगितलं, खोलीत दोघांचंच नाव आहे. कॅमेऱ्यातलं चित्र दाखवा म्हणालो, तर इतर प्रवाशांमुळं ते दाखवता येत नाही म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "सर, आपकी बेटी ठीक तो है ना?"

मी काउंटरवरचं कार्ड उचललं आणि जिन्याकडं वळलो.

आणि खरं सांगतो, तोवर मीही पळायला लागलो होतो. विज्ञान वगैरे डोक्यात होतं, पण कोणी "इकडं गेली" म्हटलं की पाय थांबत नव्हते. वळणावर पोचायचो आणि समोर नुसता लांबच लांब गालिचा. एकदा संगीता रेलिंगला धरून रडली. "सगळ्याइले दिसते. आपल्यालेच काऊन दिसत नाही हो? आपण काय केलं तिचं?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

शेवटच्या सकाळी जहाज मुंबईला लागलं. बॅगा बाहेर गेल्या, लोक उतरायला लागले. संगीता सोफ्यावर बसून राहिली.

"मी नाही येत. लेकरू इथं आहे अन् मी घरी जाऊन काय करू?"

मी समजावलं, हात धरला, शेवटी ओरडलोही. ती हलली नाही. जेरॉम दारात उभा होता. त्याला खोली रिकामी करून हवी होती, पण तो घाई करत नव्हता. थोड्या वेळानं म्हणाला, "बाई, ती मघाच उतरली. खाली तुमची वाट बघत असेल."

संगीता एकदम उठली आणि चालायला लागली. मी मागं थांबून त्याला विचारलं, "ती उठावी म्हणून बोललात ना?"

"नाही सर. खोटं कशाला बोलू? माझ्यासमोरून गेली, मला हात केला." मग माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "काही झालंय का?"

मी सांगितलं. तो हातातल्या चादरीसकट पलंगाच्या कडेवर बसला. छातीवर क्रूसाची खूण केली.

बंदरावर आम्ही खूप वेळ उभे होतो. गर्दी ओसरली, टॅक्सीवाले गेले, नितीन येऊन सामान गाडीत भरून तयार झाला. संगीता प्रत्येक बाहेर येणाऱ्या माणसाकडं बघत होती. शेवटी एका शिपायानं आम्हाला तिथून हलायला सांगितलं.

नितीननं नंतर कंपनीला फोन केले, मेल केले. कर्मचाऱ्यांच्या वर्तनाबद्दल दिलगिरी आहे असं उत्तर आलं. दिलगिरी मला नको होती. ती लोकं फार चांगली वागली. मला एवढंच कळायला हवं होतं की त्यांनी कोणाला बघितलं. डॉक्टर मित्र म्हणतो, दुःखात माणूस असं बघतो. पण आम्ही दोघांनी तर काहीच बघितलं नाही. ज्यांना दुःख नव्हतं त्यांनी बघितलं. याचं काय करायचं, हे त्यालाही सांगता येत नाही.

लोणारला आलो त्या संध्याकाळी शेजारच्या शबाना भाभी आमच्यासाठी भाकरी-पिठलं घेऊन आल्या. प्रज्ञा त्यांच्याच अंगणात खेळून मोठी झालेली. संगीतानं डबा हातात घेतला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाभी, तुमाले दिसते काय हो प्रज्ञा इथं? फाटकापाशी, नाही तं नळावर?"

भाभींनी माझ्याकडं बघितलं. हो म्हणायचं की नाही, हे मीच त्यांना खुणेनं सांगावं अशी त्यांची नजर होती. माझी मान हलली नाही, इकडं नाही की तिकडं नाही.

"नाही दिसत, बाई," भाभी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हाव," संगीता म्हणाली. "मंग तिकडंच राह्यली ते."

आणि ती आत ताटं घ्यायला गेली.