आवाज सारखा केल्यावर

"एका गाण्याला दोन भोकं कशाला गं?" गाणी ऐकायचा माझा नवा प्लेअर उलटासुलटा करून दादानं विचारलं. मोठा भाऊ माझा, निलंग्याहून पहिल्या एसटीनं नांदेडला आलेला. अजून चहासुद्धा झाला नव्हता.

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी महिनाभर टपून बसले होते. लगेच सुरू झाले. इअरफोनचं एक सॉकेट साधं, दुसरं बॅलन्स्ड. साध्या सॉकेटात डाव्या-उजव्या कानाचा करंट वेगवेगळ्या तारेनं जातो, पण परत येतो एकाच तारेनं. दोन घरांचं सांडपाणी एका नालीत सोडल्यासारखं. बॅलन्स्ड सॉकेटात प्रत्येक कानाची जायची-यायची तार स्वतंत्र, मागचे ॲम्प्लिफायरही स्वतंत्र. म्हणून आवाज मोकळा होतो, वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात.

"येतेत? तू ऐकलीस का वाचलीस?"

हे झोंबलं. आमच्या घरात पहिली पदवी माझी. लातूरला खोली करून राहिले, फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. पण शिकलेल्या माणसाला एक खोड लागते, छापलेलं खरं वाटायची. त्यात आजच मी गाणी ऐकणाऱ्यांच्या एका मराठी ग्रुपवर लेख टाकणार होते. लिहूनही झाला होता: बॅलन्स्ड तेच खरं, साधं सॉकेट विसरा. खाली माझं नाव. माझ्या शब्दावर कुणीतरी भिवंडी नाही तर भोकरला बसून खरेदी करणार होतं.

"हा चहा घे, बस. तुलाच ऐकवते."

दादा आमच्या गावच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवतो. गेल्या जयंतीच्या कार्यक्रमाचं चांगलं रेकॉर्डिंग माझ्याकडं होतं, तेच लावलं. इअरफोन एकच, तार बॅलन्स्ड, आणि साध्या सॉकेटात घालायला एक छोटा जोड. आधी साधं ऐकवलं. दादानं मान हलवली. मग बॅलन्स्ड.

"आग्गं! हे लई वाजून राहिलं! हेच भारी हाय."

मी टाळीच देणार होते. हात अर्ध्यात थांबला.

लई वाजून राहिलं. आपल्याकडं यापेक्षा मोठी शाबासकी नाही. स्क्रीनवरचा आवाजाचा आकडा मी बदलला नव्हता, आणि त्याच आकड्यावर बॅलन्स्ड सॉकेट जवळजवळ दुप्पट जोर लावतं. महिनाभर मी असंच ऐकत होते!

खरं तर ही गोष्ट माझ्या अंगात मुरलेली असायला हवी होती. गावात दोन गायन पार्ट्यांचा मुकाबला असला की सुरू व्हायच्या आधी मला लोकांच्या शेवटच्या रांगेमागं उभं करायचे. दोन्हीकडचे गायक एकच ओळ म्हणायचे. दोघांचा आवाज सारखा येईस्तोवर मी हात वर धरून ठेवायचा आणि माईकवाल्यानं बटनं फिरवायची. नाहीतर ज्याचा माईक मोठा त्यालाच वाहवा. शाळा संपेपर्यंत हे काम माझंच होतं.

"दादा, हा मुकाबला रद्द."

"का? जिंकलं की ते!"

"माईकवाल्यानं जिंकवलं."

दादाला कळलं. तो असा हसला की कपातला चहा बशीत आला.

मी मल्टीमीटर काढला. एकसुरी आवाज लावून दोन्ही सॉकेटांचा व्होल्टेज मोजला आणि सारखा येईपर्यंत बॅलन्स्डचा आकडा खाली आणला. कुठल्या सॉकेटाला कुठला आकडा ते दादाला शिकवलं. बदललं न बदललं तरी दरवेळी पिन काढून परत घालायची, म्हणजे खटक्यावरून कळायला नको. मग ओढणीनं स्वतःचे डोळे बांधले.

"चिटिंग करू नको."

"मी? सख्खा भाऊ?"

"म्हणूनच सांगते."

मी ओळखायला लागले. "हे बॅलन्स्ड." चूक. "हे साधं." बरोबर. परत चूक, परत चूक.

"काय झालं, बीएस्सी?" दादाला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मला मात्र वाईट वाटतच नव्हतं. कॉलेजातल्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठाऊक असायचं, आकडे त्याच्याजवळ नेऊन बसवायचे. इथं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते माझ्याच घरात, माझ्याच कानाला मिळणार होतं!

मी ओढणी वर सरकवली आणि कपाटातले मोठे हेडफोन काढले. त्यांना वाजायला जोर जास्त लागतो. पुन्हा मोजलं, पुन्हा सारखं केलं, या वेळी आवाज चांगलाच चढवून. कोरस टिपेला जातो आणि ढोलकी दुपटीत शिरते, ती जागा लावली आणि पुन्हा डोळे बांधले.

आणि आलं! एकदा डाव्या हाताची थाप गोल, घुमणारी. पुढच्या खेपेला तीच थाप चेपलेली, डबा पडून पोचा आल्यासारखी.

"हे साधं."

पुन्हा पिनेचा खटका.

"हे बॅलन्स्ड. हेही बॅलन्स्डच, तू बदललंच न्हाईस."

"आयला! कसं काय वळखून राहिलीस?"

"तुझ्या थापेवरून. साध्यात तिचा दम तुटतो."

मग आवाज कमी केला, तर फरक गायब. मोकळेपणाबिकळेपणा काही नाही, सगळा खेळ जोराचा.

ओढणी सोडून मी लेख पुसला आणि उभ्याउभ्याच नवा लिहिला. लहान इअरफोन असतील तर साधं सॉकेट पुरतं, मला फरक ओळखता आला नाही. मोठे हेडफोन आणि मोठा आवाज असेल, तर माझ्या प्लेअरवर बॅलन्स्ड सरळ जिंकतं. हे डोळे बांधून ऐकलंय.

"ढोलकी निलंग्याची म्हणून लिही," दादा खांद्यावरून वाचत म्हणाला. तेही लिहिलं, आणि लेख ग्रुपवर टाकला.

लगेच पहिला प्रश्न आला: ताई, दोन्ही आवाज सारखे कसे केलेत? मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर दादानं ओढणी स्वतःच्या डोळ्यांवर बांधून घेतली होती.

"ते लिहिणं ऱ्हाऊ दे बाई. लाव लवकर."